डब्यातल्या खड्यांचा चेंडू

प्रश्न : माझा भाचा अंधशाळेत सातवीत आहे. सुट्टीत आला की खुळखुळणारा चेंडू घेऊन अंगणात क्रिकेट मांडतो. अंधांसाठी हा खेळ कुणी काढला? आणि चेंडू सरपटीच का टाकतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अंधशाळेत मुलांना खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे ठासून सांगतो : हा खेळ अंधांसाठी कुणी काढून दिला नाही, अंधांनीच काढला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 1922 साली कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि तोच चेंडू केला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्यात अंधांची क्रिकेट संघटना उभी राहिली. 1928 मध्ये तर मेलबर्नमधल्याच कूयाँगला त्यांचं हक्काचं मैदान आणि क्लबहाउस झालं. आपल्या मुलांना मी शाळेच्या व्हरांड्यात खेळवलं आहे, त्यामुळे या मैदानाचं मला फार अप्रूप वाटतं.

सरपटीचं कारण त्या डब्यातच आहे. आता कडक प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, पण ते वाजतात चेंडू जमिनीवरून घरंगळला की. हवेतून आलेला चेंडू ऐकायचा कसा? म्हणून हात खालून फिरवून टाकायचा, आणि पहिला टप्पा खेळपट्टीच्या निम्म्याच्या आत पडला पाहिजे. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग चेंडू सोडताना ‘प्ले!’ अशी आरोळी. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध हवेत. त्यांच्या धावा दुप्पट धरतात, आणि एक टप्पा पडल्यावर त्यांनी पकडलेला झेलही चालतो.

भारतात या खेळाला राष्ट्रीय रूप दिलं जॉर्ज अब्राहम यांनी. 1996 मध्ये अंध क्रिकेटची जागतिक परिषद दिल्लीतच स्थापन झाली आणि 1998 चा पहिला विश्वचषकही दिल्लीतच झाला. तो दक्षिण आफ्रिकेने जिंकला. 2025 मध्ये अंध महिलांचा पहिला टी-20 विश्वचषक मात्र आपल्या मुलींनी आणला. भाच्याला हे जरूर सांगा.

आणि तो उभ्यानेच बॅट फिरवत असेल, तर त्याला गुडघा टेकून स्वीप मारायला लावा. सरपटी चेंडूला बॅट आडवी आणि जमिनीलगत हवी. तो खेळत असेल तेवढा वेळ घरातला टीव्हीही बंद ठेवा, त्याला छर्रे ऐकू यायला हवेत.