ट्रान्सपोर्टर शिकायचेत? माल्टोजपासून सुरुवात कर

ट्रान्सपोर्टर, म्हणजे पेशीच्या मेम्ब्रेनमधून (पडद्यातून) पदार्थ नेणारी प्रोटीन्स, शिकायचा विषय मस्त घेतलायस, फक्त एकदम दहा ट्रान्सपोर्टर वाचत बसू नको. ई. कोलाय या बॅक्टेरियाची माल्टोज (एक साखर) आत घेणारी सिस्टीम धर, तिच्यावर भरपूर काम झालंय.

आधी एवढं पक्कं कर: बाहेरच्या मेम्ब्रेनमधल्या लॅम-बी पोरिनमधून (छिद्र असलेल्या प्रोटीनमधून) साखर येते, मग पेरिप्लाझममध्ये (दोन मेम्ब्रेनमधल्या जागेत) माल-ई प्रोटीन तिला पकडतं, त्याचे दोन भाग शिंपल्यासारखे मिटतात आणि आतल्या मेम्ब्रेनमधला ट्रान्सपोर्टर ते मिटलेलं रूप ओळखून एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून साखर आत घेतो. माल-ईचा केडी (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकी घट्ट) साधारण 1 मायक्रोमोलर, म्हणून माल्टोज अगदी कमी असलं तरी भागतं.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- अमायलोज कॉलमवरून (माल-ई ज्याला चिकटतं आणि इतर प्रोटीन्सपासून वेगळं होतं) प्रोटीन काढायला माल्टोजच वापरतात, म्हणजे ते आधीच भरलेलं! मग टायट्रेशनमध्ये (थोडी थोडी साखर घालून पकड मोजताना) काहीच दिसत नाही आणि चांगलं प्रोटीन खराब समजून फेकून देतात, बघून फार वाईट वाटतं. एका डायलिसिसवर (बारीक छिद्रांच्या पडद्यातून साखर धुऊन काढण्यावर) विसंबू नको, साखर खरंच निघालीय का तपास.
- बॅक्टेरिया वाढवायच्या मीडियात ग्लुकोज ठेवतात, त्याने माल जीन्स (ही सिस्टीम बनवणारी जीन्स) दबतात.
- केडी आणि केएम एकच समजतात. केडी फक्त पकडण्याचा, केएम अख्ख्या वाहतुकीचा (वेग निम्मा होतो ती साखरेची मात्रा).

म्युटंट्स (जीन बदललेली रूपं), एटीपीएज सायकल (एटीपी खर्चण्याचं चक्र) नंतर बघू. आधी ट्रिप्टोफॅन फ्लुरोसन्सचा (प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅनची चमक, साखर बसली की बदलते) एक स्वच्छ कर्व्ह काढ, जमेल तुला.