मुलींना पगार कमीच, मग एमबीए कशाला?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनान्समध्ये एमबीए करायचंय. बाबा म्हणतात, बायकांना पगार कमीच मिळतो, मग कर्ज काढून शिकायचं कशाला? दादा म्हणतो, तफावत वगैरे काही नाही, बायका तास कमी भरतात एवढंच. खरं काय? त्यापेक्षा सीए करू का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझ्या घरातला हा वाद अर्थतज्ज्ञांमध्येही आहे. अमेरिकेत फ्रान्सिन ब्लाउ आणि लॉरेन्स कान यांनी २०१० च्या आकडेवारीवरून ताशी वेतनाचा हिशेब मांडला. सरसकट पाहिलं तर स्त्रियांना सुमारे २० टक्के कमी. शिक्षण, अनुभव, क्षेत्र, हुद्दा सगळं सारखं धरलं तरी ८ टक्क्यांच्या आसपास फरक उरतोच, आणि त्याचं कारण या गोष्टींत सापडत नाही. बाबा पहिला आकडा धरून बसलेत. दादाला दुसराही शून्य वाटतो, तो शून्य नाही.

तुझ्यासाठी याहून कामाचा अभ्यास शिकागो विद्यापीठाच्या एमबीएंवरचा आहे. १९९० ते २००६ या काळात बाहेर पडलेल्या मुलामुलींचं पुढे काय झालं, हे मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी तपासलं. (गोल्डिनबाईंना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) सुरुवातीला सरासरी पगार मुलींचा वर्षाला १ लाख १५ हजार डॉलर, मुलांचा १ लाख ३० हजार. नऊ वर्षांनी अडीच लाख आणि चार लाख! एकाच कॉलेजचे हे विद्यार्थी. हा फरक बहुतांशी तीन गोष्टींतून आला : कोर्समधले विषय आणि गुण, नोकरीत पडलेला खंड, आणि आठवड्याचे तास. खंड आणि तास यांच्यामागचं मोठं कारण मूल. त्यातही ज्यांचे नवरे भरपूर कमावत होते, त्यांनी मूल झाल्यावर काम जास्त कमी केलं. आपल्याकडे स्थळ बघताना आधी मुलाचं पॅकेज विचारतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

म्हणजे दादाचं तासांचं म्हणणं खोटं नाही, पण तो तिथेच थांबतो. तास कमी का पडतात? आपल्या सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. कारण सापडलं म्हणजे फरक न्याय्य ठरला, असं नाही.

बाबांना मात्र सांग, हे आकडे शिक्षण टाळायचं कारण होऊच शकत नाहीत. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये एकाच कंपनीत एकाच पदासाठी मुलामुलींना सहसा एकच पॅकेज असतं. खरी फाटाफूट पुढे होते : बोनस, बढती, दुसरी नोकरी. म्हणून ऑफर आली की सीटीसीच्या (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकड्यावर खूश होऊ नकोस. त्यात फिक्स्ड म्हणजे ठरलेला पगार किती, व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर अवलंबून किती, अप्रेझल म्हणजे कामाचं मूल्यमापन कशावर, हे विचार. नोकरी बदलताना जुन्या पगारावर अमुक टक्के, असं मागू नकोस. त्या पदाला बाजारात काय मिळतं ते काढ आणि ते माग. मागायला आपल्या मुली फार लाजतात.

मुलाखतीत ‘लग्नाचं काय?’ हा प्रश्न येईलच. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बऱ्याच खासगी नोकऱ्यांत तिचा खर्च मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे छोट्या कंपन्या मुली घ्यायला बिचकतात. कायदा चांगला, खर्चाची वाटणी चुकीची, असं माझं मत. तू उत्तर कामाबद्दलच दे. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, आणि मुंबईच्या एका शिपिंग कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांनी त्याच आधारावर १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात केस जिंकली. पण त्यासाठी शेजारच्या टेबलाचा पगार माहीत असावा लागतो, आणि खासगी कंपनीत तो कोणी सांगत नाही.

आता सीए. पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला नोंदणी होते, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोन वर्षांची आहे आणि खर्च एमबीएपेक्षा खूपच कमी. पुढे स्वतःची प्रॅक्टिस केलीस तर वेळ बऱ्यापैकी तुझ्या हातात, फक्त जुलै आणि सप्टेंबर हे रिटर्न आणि ऑडिटच्या मुदतीचे महिने सोडून. पण ऑडिट आणि टॅक्समध्ये गोडी नसेल, तर निव्वळ ‘मुलींसाठी सोयीचं’ म्हणून तिकडे वळू नकोस. आधी कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, एक प्रयत्न दे. चांगलं कॉलेज मिळालं तर कर्ज काढायला हरकत नाही. मिळालं नाही, तर वीस लाख भरून कुठलंही एमबीए करण्यापेक्षा सीए बरं.