जुनी तलवार साफ केली, आता ती कुठली आणि कधीची हे कसं ओळखायचं?

साफ केली म्हणताय, पण कशाने ते लिहिलं नाहीत. तेल आणि मऊ कापड असेल तर ठीक, एमरी पेपर किंवा बफ मारला असेल तर अर्धी ओळख तिथेच पुसली गेली समजा. कळवळून सांगतोय कारण आमच्या घरात हेच झालं.

थोरल्या काकांनी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी देवघरातली तलवार भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे नेली, परत आली ती स्टीलच्या ताटासारखी चकचकीत. लहानपणी मी मुठीपासून चार बोटांवर दोन दातेरी चंद्रकोरी समोरासमोर बघितलेल्या, बोटाने चाचपलेल्या, त्यातल्या एकीचे जेमतेम तीन दात उरलेत. तो ठसा मुळात इटलीतल्या जिनोआचा मानतात, म्हणजे पातं फिरंगी असणार, असं मी जेवताना बोलून गेलो आणि काका ताटावरून उठलेच. "पूर्वजांनी पानिपतावर चालवलेली तलवार परदेशी?" अहो काका, लंडनला असलेल्या, शिवाजी महाराजांची मानल्या जाणाऱ्या 'जगदंबा' तलवारीचं पातंही युरोपियनच आहे, त्यावर आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरं तीनदा आहेत. आणि २०२५ मध्ये सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार, तिच्यावर तर नावापुढे चक्क 'फिरंग' असं लिहिलंय. पातं समुद्रापलीकडून यायचं, मूठ इथे बसायची, त्यात कमीपणा कसला? आणि पानिपताचं म्हणाल तर तलवार कोणाच्या हातात होती हे पातं सांगत नाही, त्याला कागद लागतो, तो आमच्याकडे नाही.

तर तुमची तलवार. अंधारात टॉर्च पात्याला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, पुसट ठसेही उठून दिसतात. मुठीजवळची वीतभर जागा बघा, पाठ म्हणजे धारेच्या उलट बाजूची बोथट कड बघा, तिकडे कोणी बघतच नाही आणि रघुजींचं नाव नेमकं तिथेच आहे. पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर जुनं हिंदुस्थानी पोलाद असू शकतं, मग तर अजिबात घासू नका. मूठ आणि पातं एकाच वयाचं धरू नका, मुठी बदलायचे. मूठ लाखेने किंवा राळेने बसवलेली असते, आत काय आहे बघायला गॅसवर तापवू नका.

हां, आणि नुसत्या ठशावर जाऊ नका. त्या चंद्रकोरींची नक्कल आपल्याकडचे कारागीरही सर्रास करायचे, त्यामुळे आमचं पातंसुद्धा इथलंच निघू शकतं. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.