बोटीची शोअर पॉवर केबल (धक्क्यावरून बोटीला वीज देणारी) कशी साफ करायची, मेंटेनन्स काय लागतो?

आधी ब्रेकर बंद, मग धक्क्याकडचा प्लग काढायचा आणि नंतरच बोटीकडचा, म्हणजे हातात करंट असलेली वायर राहत नाही. केबल भांड्याच्या साबणाने आणि गोड्या पाण्याने पुसून घ्या, ॲसिटोन वगैरे अजिबात नको, वरचं कव्हर खराब होतं.

खरं लक्ष प्लगच्या पिनांकडे द्या हो! एखादी पिन काळी-तपकिरी पडलीय, बाजूचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय, तर घासून परत लावू नका, कनेक्शन लूज किंवा गंजलेलं असलं की तिथे रेझिस्टन्स वाढतो, गरम होतं आणि आग तिथूनच लागते, त्यामुळे प्लग आणि बोटीवरचं सॉकेट दोन्ही बदला. लोड चालू असताना प्लगला बाहेरून हात लावून बघत जा, चांगलाच गरम लागला तर लगेच बंद करा. आणि केबल पाण्यात लोंबू देऊ नका.