शीड उघडं असेल तर गळ आत

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

कयाक घेतलीस, तिच्यावर बसणारं छोटं शीडही मागवलंस आणि आता ऐन डिसेंबरात गळ घेऊन नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर जायचं म्हणतेस. पत्रात तुझा प्रश्न एकच होता, आमिष कोणतं लावू. सांगतो, पण शेवटी. कारण त्यात फार काही नाही. आधी हे लक्षात घे: शीड उघडं असेल तेव्हा गळ होडीत, आणि गळ पाण्यात असेल तेव्हा शीड गुंडाळलेलं. होडीत तू एकटी आणि हात दोन. शिडाची दोरी एक हात मागते, वल्हं किंवा सुकाणू दुसरा मागतं. त्यात रीळ गरगरू लागलं की माणूस नकळत माशाकडे झुकतो, आणि नेमक्या त्याच बाजूने वारा शिडाला दाबतो.

शिडावर जाताना मागे लाईन सोडून ओढत न्यायची, असं तू व्हिडिओत पाहिलं असशील. करतात लोक आणि मासेही लागतात. पण तिथेही मासा लागला की आधी शीड खाली आणि मग रीळ, हाच क्रम असतो. व्हिडिओत तो भाग कापलेला असतो. पहिला हिवाळा तू त्या वाटेला जाऊ नकोस.

आता खरी अडचण सांगतो. हिवाळ्यात पाणी शांत असतं तेव्हा मासा खात नाही, आणि मासा खायला लागतो तेव्हा वारा उठलेला असतो. आपल्याकडे थंडीत पहाटे गार हवा जड होऊन जमिनीलगत साचते. वरचा वारा त्या थराच्या डोक्यावरून निघून जातो, खाली पाण्यावर सुरकुतीही नसते. ऊन चढलं की जमीन तापते, थर मोडतो, वरचा वारा खाली उतरतो. हे साधारण नऊ-दहाच्या सुमारास होतं. ॲपवर वाऱ्याचा आकडा बघच, पण सावरगाव-गंगावऱ्ह्याच्या बाजूने जात असशील तर द्राक्षबागांकडेही बघ. कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. तो धूर चादरीसारखा आडवा पसरून राहिला असेल तर पाणी अजून तुझं आहे. धूर वर चढून एका अंगाला कलायला लागला की वाऱ्याचा दिवस सुरू झाला, आणि कलला त्या दिशेला तुझी होडीही जाणार आहे.

म्हणून दिवस असा लाव. शांत पाण्यात आठ-साडेआठला वल्हं मारत निघायचं, वाऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजे वारा जिकडून उठणार तिकडे. मधला वेळ गळाला. परतताना शीड उघडायचं आणि वाऱ्याने तुला घरी आणायचं. उलटं केलंस, सकाळी मजेत वाऱ्याबरोबर लांब गेलीस, तर दुपारी थकलेल्या खांद्यांनी लाटांवर वल्हं मारत यावं लागेल. कयाकला खोल कणा नसतो. बाजूला पाण्यात सोडायचं पातं लावलंस तर ती आडव्या वाऱ्यावर बरी चालते. त्याशिवाय ती वाऱ्यासमोर पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते. पाऊण-एक चौरस मीटरचं शीड हे परतीचं वाहन आहे, असंच धर.

दिशेचं अजून एक. हिवाळ्यात आपल्याकडचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, आणि गोदावरी पूर्वेला वाहते म्हणून गंगापूरची भिंत पूर्वेच्या अंगाला, फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी, पश्चिमेला. म्हणजे फुगवट्याच्या काठावरून पाण्यात उतरलीस तर परतीचा वारा तुला भिंतीपासून लांब नेतो. हे सोयीचं आहे. पण डोंगरांच्या घळीतून येताना वारा वळतो, म्हणून पाण्यावर आल्यावर दिशा पुन्हा तपास. वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी शीड गाडीतच ठेव. भिंत, सांडवा आणि शहराचं पाणी उचलतात ती जागा, यांच्या आसपास कोणत्याही वाऱ्यात फिरकायचं नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. हे अंगाला कळेपर्यंत उशीर होतो, म्हणून डोळ्यांना खूण दे: पाण्यावर पहिले पांढरे तुरे दिसले की शीड खाली. तिथे वारा ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या घरात आलेला असतो आणि त्यापुढचं काम वल्ह्याचं. शिडाची दोरी कुठेही गाठ मारून बांधायची नाही. हातात धर, किंवा एका झटक्यात सुटेल अशा खाचेत अडकव. दोरी सुटली की शीड फडफडतं, आवाज करतं, भीतीही वाटते. पण होडी उभी राहते.

आता मासे कुठे असतात ते. उन्हाळ्यात खोल पाण्यात प्राणवायू उरत नाही, म्हणून मासा वरच्या थरात अडकलेला असतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, सगळा साठा ढवळला जातो. मग माशाला खोलीची बंदी राहत नाही. रात्री तो खोल जातो आणि गारठ्याने सुस्तावतो. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू, कटला, मृगळ यांची भूक मंदावते, चिलापी तर जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पहाटे सहाला गळ टाकून कुडकुडण्यात शौर्य असेल, मासा नाही. अकरा ते तीन हा तुझा वेळ. काळ्या खडकाचे उतार, ऊन लागणारे, दोन-तीन मीटर पाण्यात गेलेले. खडक तापतो आणि त्याच्या लगतचं पाणी आधी उबदार होतं. चिलापी तिथे येते. कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे त्यांचं नेहमीचं वाटप थंडीतही फारसं मोडत नाही. पाणवनस्पतींच्या कडेला मरळ असते, पण थंडीत तिला उठवायला चिकाटी लागते. पाणकावळे एकाच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारत असतील तर खाली बारीक मासळी आहे, आणि तिच्या आसपास मोठीही असायची. वारकरी पक्ष्यांचा किंवा बदकांचा थवा बसला असेल तर मात्र वळसा घालून जा. शीड पाहिलं की सगळा थवा उठतो, आणि थंडीत त्यांना उगाच उडवणं बरं नाही.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी धरणातून सोडतात ते पाणी, सुटलं की साठा उतरतो. गेल्या खेपेला पोहत होतीस तिथे आता बुंधे, जुने बांध आणि विहिरींचे कठडे पाण्याच्या जेमतेम खाली असतात. गळासाठी अशा जागा सोन्याच्या, कयाकच्या सुकाणूसाठी वाईट. तिथे सुकाणू वर घे आणि वल्ह्याने जा.

एका जागी थांबायचं तर नांगर बाजूने कधी बांधू नकोस. पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांध, नाहीतर आडवी लाट होडी पालथी करते. लोखंडी नांगर बुंध्यांत अडकतो. जाळीच्या पिशवीत दगड घाल, अडकला तर सोडून देता येतो. दोरीला एक बोया आणि पटकन सुटणारा हूक लाव, म्हणजे मोठा मासा लागला तर नांगर तिथेच सोडून त्याच्यामागे जाता येईल. मला स्वतःला नांगरापेक्षा संथ वाहणं आवडतं. तळाला भोक पाडलेली बादली मागे पाण्यात सोडायची. होडी वाऱ्यावर सावकाश सरकते आणि गळ उतारभर फिरून येतो.

थंडीचं म्हणशील तर आपलं पाणी काही हिमालयातल्या तलावाइतकं गार नाही. पाण्यात पडताक्षणी श्वास कोंडावा असं इथे सहसा होत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा पंचवीसएक पटीने लवकर खेचतं. विसाच्या आसपासच्या पाण्यात बराच वेळ राहिलीस तर आधी बोटं जातात. मग दोरी सुटत नाही, होडीवर चढता येत नाही. बाहेर आल्यावर ओल्या अंगावर वारा लागतो आणि थंडी आणखी झोंबते. जीन्स आणि सुती स्वेटर घालून जाऊ नकोस. आत अंगाला लागून लवकर वाळणारा कपडा, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यावर वारा अडवणारं जाकीट, आणि त्यावर लाईफ जॅकेट, बक्कल लावलेलं. कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत होडीला बांधून ठेव. शिट्टी आणि छोटी सुरी जॅकेटलाच. लाईन पायात गुंडाळली तर सुरीशिवाय इलाज नाही. गळाच्या आकड्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, तुझ्यासाठी आणि माशासाठीही. अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघ. टेकत नसेल तर दिवस संपला, मासे लागत असले तरी.

पालथं होऊन परत चढायचा सराव थंडीत करायचा नाही. तो एप्रिलात, छातीभर पाण्यात, काठावर कुणीतरी असताना. आधी शिडाची दोरी सोडायची, डोलकाठी काढायची, मग होडी सुलटी करायची. पाण्याने भरलेलं शीड उलटं ओढून होडी सुलटी होत नाही. नंतर बाजूने पाय मारत पोटावर आडवं पडायचं आणि सावकाश वळून बसायचं. हे जमेपर्यंत यंदाचा हिवाळा शीड न लावता, काठालगत, नुसत्या वल्ह्यावर काढलास तर मी तुला जास्त हुशार समजेन. आपल्या भागातली माणसं पाण्यावर वाढलेली नसतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या कोरड्या गावचा दत्तू भोकनळही फौजेत गेल्यावरच वल्हं मारायला शिकला, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. शिकता येतं, पण क्रमाने.

परवानगीचं विसरू नकोस. पाणी जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून, बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. संस्थेने पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडलेली असते. तुझ्या गळाला लागणारा रोहू कुणाच्या तरी हिशेबातला आहे. आधी जाऊन भेट, विचार, पैसे सांगितले तर दे, आणि लहान मासा परत सोड. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून जाळी लावणारे दादा दिसतील. पाण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग तरंगताना दिसली की खाली जाळं आहे असं समज आणि टोकाकडून फिरून जा. एखाद्याचं जाळं सुकाणूत फाटलं तर त्याच्या आठवड्याची कमाई गेली. नांदूर मध्यमेश्वरला मात्र गळ घेऊन जायचंच नाही. ते पक्षी अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं, राज्यातलं पहिलं. तिथे दुर्बीण घेऊन जा.

राहिलं आमिष. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून लहान गोळी, उन्हाळ्याच्या निम्मी. थंडीत मासा पचवायला वेळ घेतो, मोठा घास घेत नाही. लाईन बारीक, आकडा लहान. मरळीला गांडूळ. बास.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला जातो आणि त्याआधी वाराही पडतो, म्हणून चारला परतीला लाग. वारा पडला तर उरलेलं अंतर वल्ह्याने उजेडात कापता आलं पाहिजे. कुठून उतरतेस आणि किती वाजता परत येणार, हे घरी लिहून ठेवून जा.

तुझ्या शिडाबरोबर आलेली डोलकाठी फोटोत मला बारीक वाटली. तिच्या बुडाचा व्यास आणि कयाकवरच्या खाचेची खोली मोजून कळव. माझ्याकडे वाळलेला बांबू आहे. मापाचा निघाला तर तासून ठेवतो, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा
काका