पन्नास मिनिटांचं अंतर, दीड तासाचं तिकीट

प्रश्न : भाचीचं लग्न नागपूरला आहे, मुहूर्त सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांचा. मुंबई-नागपूर सरळ हवाई अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास आणि विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं, म्हणजे जेमतेम पन्नास मिनिटं. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटं छापलंय. वरचा पाऊण तास जातो कुठे? त्याच दिवशी सकाळी ८ च्या विमानाने निघालो तर चालेल का?
– एक मामा, मुलुंड

उत्तर : गुणाकार-भागाकार ठीक आहे हो, पण घड्याळ तुम्ही थेट आकाशात सुरू केलंत. सांताक्रूझला एकतीस वर्षं मी विमानांच्या चाकांपुढचे ठोकळे काढायला-लावायला लावण्यात घालवली. चॉक्स म्हणतो आम्ही त्यांना. मुंबईत ते काढले की तिकिटावरचा वेळ सुरू होतो आणि नागपुरात पुन्हा लावले की संपतो. मधलं रांगेत उभं राहणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, सगळं त्यातच धरलेलं.

आपल्या मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम होत नाही. एक उतरतंय, दुसरं थांबलंय. सकाळच्या गर्दीत पंधरा-वीस मिनिटं तिथेच जातात.

त्यात आणखी एक गंमत. मुख्य धावपट्टीवरून विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे उडतं, आणि नागपूर आहे पूर्वेला! खिडकीशी बसलात तर आधी जुहूची चौपाटी दिसेल, मग निव्वळ समुद्र, आणि मग वळसा घेऊन विमान तुमच्या मुलुंडच्या दिशेला लागेल. शिवाय १०,००० फुटांखाली वेग साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. ताशी ८०० चा वेग गाठून जरा स्थिरावतोय, तोवर उतरायची तयारी सुरू. येताना निदान हा वळसा वाचतो. घाटकोपरच्या छपरांवरची निळी ताडपत्री दिसली की आलंच समजा.

राहिलेली मिनिटं कंपनी पदरची टाकते. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरतात, मग जरा ऐसपैस वेळ छापलेला कुणाला नको? एकदा आमचं विमान वीस मिनिटं आधीच सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, टेकलं. न्यायला येणारे मेव्हणे तेव्हा घरी अंघोळ करत होते.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर आहे, रात्रभराचा प्रवास. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो. तिथवर पोचायचं तुमचं तुम्ही.

आता ८ च्या विमानाचं. सगळं सुरळीत झालं तर ९.३५ ला नागपूर, सामान घेऊन दहाला बाहेर, साडेदहा-पावणेअकराला कार्यालयात. मुंजीला, बारशाला मी जा म्हटलं असतं. पण तुम्ही मामा आहात. भाचीला मांडवात कोण आणणार? आदल्या संध्याकाळचं तिकीट काढा, आणि फेटा हातातल्या बॅगेत ठेवा.