जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ बदलताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत, म्हणून एकत्रच घेतो. पुढचं कोणतंही काम करण्याआधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. काडतुसं त्या खोलीतही नकोत.

प्रश्न : माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं .३८ स्पेशल आहे. लाकडी मुठीला स्क्रूपाशी चीर गेली आहे. ‘स्मिथ अँड वेसन .३८ साठी’ असं लिहिलेली जोडी मागवली तर बसेल का?

उत्तर : त्या वर्णनावर विसंबून मागवू नका. मूठ ठरते ती फ्रेमच्या, म्हणजे हत्याराच्या पोलादी सांगाड्याच्या मापावर, बोअर (नळीचं छिद्र) कितीचा आहे त्यावर नाही. या कंपनीनं .३८ स्पेशल लहान जे, मधल्या के आणि मोठ्या एन अशा तिन्ही फ्रेमवर काढलं आहे, आणि तिघांच्या मुठी एकमेकींना बसत नाहीत. ‘एल’ फ्रेमचा मुठीकडचा भाग मात्र ‘के’ फ्रेमसारखाच असतो, त्यामुळे त्या दोघांत अदलाबदल चालते.

सिलिंडर बाजूला उघडा आणि त्याचा दांडा फ्रेममध्ये जिथे मिटतो त्या खाचेत पाहा. १९५७ पासून कंपनीनं मॉडेलला क्रमांक दिले, ते तिथे ठोकलेले असतात. १०, १५, १९ हे के फ्रेमचे. २७, २९ हे एनचे. शिक्का फक्त सिरीयल नंबरचाच असेल तर हत्यार बहुधा त्याआधीचं. ‘जे’ फ्रेम १९५० मध्ये आली. त्याआधीची लहान रिव्हॉल्व्हरं ‘आय’ फ्रेमवर होती. ‘आय’ फ्रेमच्या हत्याराला ‘जे’ फ्रेमची मूठ ‘जवळपास बसते’ असं कुणी सांगितलं, तर त्या ‘जवळपास’चा हिशेब पुढे कानशीनं चुकता करावा लागतो.

दुसरी खूण तळाची : चौकोनी की गोल? गोल तळाच्या फ्रेमवर बाहेरून चौकोनी दिसणारी मूठ चढवता येते. उलटं करायचं तर फ्रेमचं पोलाद कापावं लागतं, आणि ते कुणीही करू नये.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे ठसा. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढा, फ्रेम कागदावर आडवी ठेवा, पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं फिरवा, तळाजवळच्या पिनेची जागा ठळक टिंबानं दाखवा. विकणाऱ्याला हा कागद मूळ मापातच पाठवा. फोटोवरून माप देऊ नका, लेन्समुळे कडा फुगलेल्या दिसतात.

काळाशी जुळवायचं असेल तर आणखी एक तपशील. खांद्यापर्यंत वर चढणाऱ्या मॅग्ना पट्ट्या १९३५ च्या .३५७ मॅग्नमबरोबर आल्या. १९२० च्या दशकातल्या रिव्हॉल्व्हरवर त्या बसतील, पण त्या काळच्या दिसणार नाहीत. आणि जुनी जोडी टाकू नका. उजव्या पट्टीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेला किंवा ठोकलेला आकडा सिरीयल नंबरशी जुळला, तर चीर गेलेली असली तरी ती जोडी नव्यापेक्षा मोलाची. केसाएवढी चीर असेल तर पातळ इपॉक्सी आत मुरवून, हलक्या शिकंजात रात्रभर धरून ती सांधता येते. तो आकडा मात्र पुसू नका, घासू नका.

प्रश्न : जुन्या वेब्ली (ब्रिटिश रिव्हॉल्व्हर)च्या काळ्या रबरी पट्ट्या जागची हलत नाहीत. जोर लावायची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. ते गंधक घालून कडक केलेलं रबर आहे. शंभर वर्षांनी ते काचेसारखं तडकतं, आणि तडकतं ते कडेलाच, म्हणजे जिथे आपण पातं घुसवतो तिथे. तेव्हा पातं घुसवायचंच नाही.

स्क्रूची खाच पूर्ण भरेल अशा, बाजू समांतर असलेल्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. पाचरीसारखं निमुळतं टोक खाचेतून निसटतं आणि पट्टीवर ओरखडा काढतं. स्क्रू गंजला असेल तर काडीच्या टोकानं गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडा, रात्रभर थांबा. मग स्क्रू तीन-चार वेढे सैल करा, पूर्ण काढू नका, आणि त्याच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलके टकटक करा. समोरची पट्टी आतून ढकलली जाऊन सुटते. मग स्क्रू काढा आणि उरलेली पट्टी आतून लाकडी काडीनं, पिनेजवळ दाब देत बाहेर सारा.

गरम पाणी वापरू नका. त्यानं रबर मऊ होतं खरं, पण काळा रंग मळकट तपकिरी होतो आणि तो परत येत नाही. उन्हानंही हेच होतं, फक्त सावकाश.

नवी जोडी घेताना मार्क, म्हणजे मॉडेलची आवृत्ती, बघून घ्या. १९१५ च्या मार्क सहाचा तळ चौकोनी आहे, त्याआधीच्या मार्कांचा पक्ष्याच्या डोक्यासारखा वळलेला. एकाची पट्टी दुसऱ्याला बसत नाही.

प्रश्न : नवी अक्रोडाची जोडी आली. मापाची म्हणून घेतली, पण मागच्या कडेला अर्धा मिलिमीटर फट राहते. स्क्रू आवळला की फट जाते. चालेल?

उत्तर : नाही. स्क्रूनं मिटलेली फट म्हणजे लाकडात कोंडलेला ताण. काही महिन्यांत स्क्रूचा धातूचा बुश (स्क्रू ज्यात बसतो ती नळी) लाकडात रुतेल आणि तिथून रेषेत चीर जाईल. वरच्या पहिल्या प्रश्नातली चीर बहुधा अशीच पडली असावी. स्क्रू लावण्याआधी नुसत्या बोटाच्या दाबानं पट्टी सगळीकडे टेकली पाहिजे. स्क्रूचं काम तिला तिथे धरून ठेवण्याचं, ओढून आणण्याचं नाही. बोटांनी फिरेल तेवढा फिरवा, वर पाव वेढा. बस.

आता फट का राहते ते शोधा. पट्टी फ्रेमवर ठेवून कोपरे आळीपाळीनं दाबा. ती डुगडुगली तर आत काहीतरी उंच आहे, आणि बहुतेकदा ती पीन असते. पिनेचं भोक उथळ किंवा किंचित सरकलेलं असतं. ड्रिलचं पातं हातात धरून, मशीन न लावता, थोडं थोडं खोल करा. बाहेरच्या बाजूला किती लाकूड उरलं आहे ते आधी मोजा.

डुगडुगत नसेल तर फ्रेमच्या कडेला लिपस्टिकचा अगदी पातळ हात द्या. प्रशियन ब्लू (सांधे तपासायचा निळा रंग) असेल तर उत्तम, पण लिपस्टिकनंही काम होतं आणि ती पुसायला सोपी. पट्टी सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. लाकडावर जिथे रंग लागला तिथेच आणि तेवढंच धारदार पटाशीनं खरवडा. पुन्हा रंग, पुन्हा दाब. दहा-बारा फेऱ्या लागल्या तरी घाई करू नका. संपूर्ण तळ खाली घ्यायचा असेल तेव्हाच २२० नंबरचा सँडपेपर काचेवर चिकटवून त्यावर पट्टी घासा. कागद बोटावर गुंडाळून घासलं की कडा गोल होतात, आणि मग फट पूर्वीपेक्षा मोठी दिसते.

बाहेरची कड पोलादापेक्षा वर असेल तर फ्रेमवर टेपचे दोन थर चिकटवा आणि ३२०, मग ४०० नंबरनं उतरवा. कागदाच्या जाडीएवढी वर राहू द्या. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. काहीही झालं तरी कानस पोलादाला लावायची नाही. पट्टी शंभर वेळा नवी करता येते.

शेवटी चाल तपासा. रिकाम्या हत्याराचा घोडा सावकाश मागे घ्या आणि अंगठ्यानं धरून खाली सोडा. घोडा मागे जाताना मुख्य स्प्रिंग वाकते, आणि पट्टी आतून जाड असेल तर तिला घासते. घोडा जड वाटेल किंवा आत लाकडावर चकचकीत रेघ दिसेल. तेवढंच लाकूड कमी करा. डाव्या पट्टीची वरची पुढची कडही पाहा : रिकामी टरफलं बाहेर ढकलताना त्यांच्या कडा तिथे अडकत असतील तर तिथे उथळ खोलगा हवा.

तेलाचा हात आतूनही द्या. बाहेरून बंद आणि आतून उघडं लाकूड एका बाजूनंच दमट होतं आणि वाकतं.

प्रश्न : हस्तिदंत, सांबरशिंग, रबर, काय घ्यावं?

उत्तर : वापरायचं हत्यार असेल तर अक्रोड किंवा शिसव. रबरी मूठ धक्का छान पचवते, पण घाम आणि ओल पोलादाशी दाबून धरते. ती घेतली तर दर दोन-तीन महिन्यांनी काढून फ्रेम पुसा आणि मेणाचा पातळ हात द्या.

जुन्या मुठींवर दिसणारं शिंग बहुतेक सांबराचं. सांबर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, गळून पडलेल्या शिंगांचाही व्यापार चालत नाही. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. जुनी वस्तू म्हणून कुणी देऊ केली तरी कागदपत्रांशिवाय हात लावू नका. ओळखायचं असेल तर तळाच्या आडव्या कापावर पाहा : हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा असतात, हाडात काळसर ठिपके.

‘फ्रेंच आयव्हरी’ म्हणून जे मिळतं ते सेल्युलॉइड. अंगठ्यानं जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो. जुनं झालं की ते विघटित होऊन आम्लधर्मी वाफा सोडतं. पट्टी काढल्यावर खाली तिच्याच आकाराचा गंज दिसला तर कारण हेच. अशी जोडी हत्यारावरून लगेच काढा आणि वेगळ्या कागदात, हवा लागेल अशी ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर वाफा आतच कोंडतात आणि ती आणखी लवकर नासते.

प्रश्न : हात लहान आहे. जाड मूठ घेतली तर धक्का कमी लागेल ना?

उत्तर : धक्का पसरेल, पण चाप दूर जाईल. रिकामं हत्यार धरून बघा : घोडा आधी न चढवता चाप ओढताना बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर मागच्या कण्यावर लाकूड चढवणारी मूठ नको. पुढच्या बाजूला, चापाच्या कड्यामागची पोकळी भरणारा लहान अडॅप्टर लावा. मधलं बोट त्यावर टेकतं, मूळ पट्ट्या जागेवर राहतात, आणि नको झाला तर काढून ठेवता येतो.